मापाच्या वहीची मागची पानं

१

“कोपऱ्यातल्या खोलीत जे माणूस राहायला येतं ना, ते पुन्हा खोली सोडून जात नाही. ते नुसतं—”

एवढंच माझ्या कानावर पडलं. जिना झाडणारी मावशी वळणावर केरसुणी टेकवून नळवाल्याला सांगत होती आणि मी वरून कचऱ्याचा डबा घेऊन उतरत होते. माझी चप्पल वाजली आणि दोघं गप्प. नळवाला तर पाइपाकडे असा बघायला लागला, जसा काही तो पाइप आत्ताच उगवलाय.

“ते नुसतं काय, मावशी?”

“काही नाही हो काकू. पाय जपून टाका, फरशी ओली आहे.”

फरशी ठणठणीत कोरडी होती.

दुसऱ्याच्या घरात डोकवायची मला सवय आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते. आमचे हे म्हणतात, तुला दोन कान पुरत नाहीत म्हणून तू भिंतीचेही वापरतेस. पण त्या दिवशी मला नुसती उत्सुकता नव्हती. कोपऱ्यातली खोली आमच्या भिंतीला लागून आहे. आणि तिथे राहत होती आमची घड्याळवाली.

२

घड्याळवाली म्हणजे तिशीतली मुलगी. घड्याळं दुरुस्त करते. खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, आणि भिंतीवर लोकांची पंधरा-वीस घड्याळं. सगळी आपापली वेळ दाखवत टकटक करायची. सुरुवातीला मला त्या आवाजानं वेड लागायची पाळी आली होती. पुढे ती बाहेर गेली आणि घड्याळं नुसती वाजत राहिली, की करमायचं नाही.

ती राहायला आली त्याच आठवड्यात माझ्याकडे डगला घेऊन आली. कामाचा करडा डगला, कफ घट्ट करून हवे होते, म्हणजे बाहीतली धूळ घड्याळात पडत नाही. मी शिवणकाम करते. तिसऱ्या मजल्यावर कुणाचं काही उसवलं तर माझंच दार वाजतं. मी तिची मापं घेतली आणि वहीत लिहायला गेले, तर वही हातातून निसटली आणि उलटी पडली. मागचं पान उघडं.

मागच्या पानावर मी आमच्या ह्यांचं घोरतानाचं नाक काढलं होतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शाळेत चित्रकलेच्या बाईंनी माझं सफरचंद वर्गाला दाखवून विचारलं होतं, “हा कुणाचा गुडघा?” त्यानंतर तीस-पस्तीस वर्षं मी कुणासमोर रेघ ओढली नव्हती. गिऱ्हाईक नसताना मागच्या पानावर चोरून काहीतरी गिरवायचं, एवढंच.

ती पोट धरून हसली. मग वही सरळ करून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “काकू, हे रोज एक काढा.”

“अगं, प्रमाणात कुठे आहे ते? नाकच अर्धं पान.”

“नाक अर्धं पान ऐकू येतं ना? मग बरोबर आहे. फक्त खोडायचं नाही, पट्टी लावायची नाही, आणि चांगलं झालं का म्हणून बघत बसायचं नाही. मी दिवसभर केसाएवढ्या स्क्रूशी खेळते. इकडे-तिकडे झालेलं मला कुठेतरी बघायला मिळू दे.”

तेव्हापासून रोज चारच्या चहाला ती यायची आणि मी एक चित्र काढायचे. गळका नळ. शिलाई मशीनचं पायडल. जिना झाडणारी मावशी, तिच्यापेक्षा केरसुणी मोठी. आणि दर दोन-चार दिवसांनी ती स्वतः, कारण समोर बसलेली असायची. कसलं काही दडपण नाही. पुढच्या पानांवर लोकांची मापं, मागच्या पानांवर माझा गोंधळ.

बाजारात तिला गाळा मिळणार होता, चार महिन्यांनी. स्वतःचं दुकान, स्वतःच्या नावाची पाटी. “शटर एकदाच झटक्यात वर गेलं पाहिजे, काकू,” ती म्हणायची. “धडाम आवाज करून. सगळ्या बाजारानं मागे वळून बघितलं पाहिजे.”

३

मग शाळांच्या गणवेशांचं काम आलं. एकशे दहा सदरे. मागची पानं बंद झाली, पुढचीच भरत राहिली. चहाला ती यायची, पण माझं डोकं वर निघायचं नाही.

त्या धांदलीतच तिनं एकदा डगला आणून टाकला. “काकू, बाही जरा आखूड करता? बोटांवर येते.”

केली. बोटभर दुमडली, शिवली.

तीन आठवड्यांनी पुन्हा. “काकू, उसवली का हो?”

उसवली नव्हती. माझी शिलाई उसवत नाही. शिलाई जागच्या जागी होती आणि बाही तिच्या अंगठ्यापर्यंत आली होती.

“वाळलीस बघ तू,” मी म्हटलं. “जेवत नाहीस नीट.”

म्हटलं खरं, पण मशीनवर बसल्यावर मन खायला लागलं. माणूस वाळतं तेव्हा घेर कमी होतो. कंबर जाते, छाती जाते, दंड सैल पडतो. पण खांद्यापासून मनगटापर्यंतचं हाड कुठे जातं? मी वही काढली. पहिलं माप, बाही बावीस. मधलं, एकवीस. आज घेतलेलं, वीस इंच आणि एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग.

रात्रीच्या जेवणात मी ह्यांना सांगितलं. आमचे हे वजनमापं तपासायच्या खात्यात आहेत. दुकानादुकानांतून फिरून तराजू, लिटरची मापं, कापडवाल्यांचे गज तपासतात. जगात कुठेही गडबड असली तर ती मापातच असणार, असा त्यांचा विश्वास.

“टेप ताणली गेली असेल तुझी,” ते म्हणाले. “कापडी टेप. वीस वर्षं गळ्यात घालून फिरतेस.”

सकाळी त्यांनी सरकारी शिक्क्याची पोलादी पट्टी काढली. टेबलावर टेप पसरली. चष्मा पुसला. वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले.

“अहो?”

“टेप बरोबर आहे,” ते म्हणाले. एवढंच म्हणून कामाला गेले. डबा विसरून.

४

मी आता कान देऊन ऐकायला लागले. एरवीही देत होतेच, पण आता कामासाठी देत होते.

तिच्या दाराला आतून वर कडी आहे. जुनी, लोखंडी. ती सकाळी आठला दार उघडायची तेव्हा भिंतीपलीकडून पहिल्यापासून एकच आवाज यायचा. खट्. हात वर, कडी खाली. त्या आठवड्यात खट्च्या आधी दुसरा एक आवाज यायला लागला. काहीतरी सरकत यायचं. फरशीवरून, दारापर्यंत. मग थोडं थांबायचं. मग खट्.

मी स्वतःला समजावलं. टेबल हलवत असेल. झाडत असेल. चार दिवस समजावलं. पाचव्या दिवशी वाटीभर साखर मागायच्या निमित्तानं आठच्या ठोक्याला तिच्या दारात जाऊन उभी राहिले.

सर्र सर्र सर्र. थांबलं. खट्. दार उघडलं.

ती स्टुलावर उभी होती.

“बल्ब बदलत होते,” ती म्हणाली.

वरचा बल्ब चालू होता. ती खाली उतरली. आधी माझ्या कानापर्यंत यायची ती मुलगी. आता मला तिचा भांग वरून दिसत होता.

आत घड्याळं टकटकत होती. टेबलापाशी खुर्ची, खुर्चीवर उशी, उशीवर जाडजूड पुस्तक. सगळं अगदी नीटनेटकं. घाबरलेलं माणूस पसारा करतं. हिनं सवय करून घेतली होती.

साखर घेऊन मागे वळले, तेव्हा मला चौकट दिसली. दाराच्या आतल्या बाजूला, लाकडावर, पेन्सिलीच्या आडव्या रेघा. एकीखाली एक. प्रत्येकीपुढे दिवस-महिना. वाढत्या पोरांची उंची लोक अशी मांडून ठेवतात.

“आधीच्या भाडेकरूंची पोरं असणार,” ती म्हणाली. “मी आले त्या दिवशी गंमत म्हणून मीही पाठ लावून उभी राहिले. ही बघा माझी.”

तिची रेघ सगळ्यात वर होती. आणि खाली तिच्याच अक्षरात आणखी सहा.

“दर रविवारी बघत होते,” ती हळूच म्हणाली. “वाटलं, आज तरी तेवढीच भरेन.”

मी बाकीच्या रेघा बघत होते. निरनिराळी अक्षरं, निरनिराळ्या पेन्सिली. वाढत्या पोराची सगळ्यात जुनी तारीख खाली असते. इथे प्रत्येक अक्षरातली सगळ्यात जुनी तारीख वर होती.

रेघा गुडघ्याच्या खाली गेल्या होत्या. सगळ्यात खालची घोट्याशी. तिच्यापुढेही तारीख होती, पण मुंगीच्या पायाएवढी. घड्याळवालीनं डोळ्याला भिंग लावलं, जमिनीवर आडवी झाली आणि वाचली. मला सांगितली नाही.

५

“आमच्याकडे चल,” मी म्हटलं. “आत्ताच्या आत्ता. ह्या खोलीत एक मिनिट थांबायचं नाही.”

ती आली. घड्याळंही आणली, टोपल्यात घालून. आमच्या बाहेरच्या खोलीत तिचं टेबल लावलं. हे कामावरून आले, तिच्याकडे बघितलं, आणि सरळ हात धुवायला गेले.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आधी तिला उंचीच्या पट्टीला उभं केलं, आकडा लिहिला, नाडी बघितली, म्हणाले तब्येत ठणठणीत आहे, मुळातच बुटकी चण दिसते. घरी आलो तर दवाखान्यात जाताना घातलेले बूट तिच्या पायातून निघाले. फटक फटक करत जिना चढली.

मग आमच्या ह्यांनी सूत्रं हातात घेतली. “अंदाजावर काही चालायचं नाही. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी माप घ्यायचं. पोलादी पट्टीनं. नोंद ठेवायची. किती वेगानं होतंय हे कळल्याशिवाय उपाय कसा करणार?”

पटलं मला. का नाही पटणार? मी शिंपीण, ते मापांचे निरीक्षक. आमच्या घरात काळजी वाटली की माणूस टेप काढतं. मी खांदा, बाही, पाठ घ्यायचे. हे उंची घ्यायचे. ती उभी राहायची, शहाण्या मुलीसारखी, आणि विचारायची, “किती?”

पहिल्या दिवशी एक सूत कमी. दुसऱ्या दिवशी दोन. चौथ्या दिवशी अर्धा इंच. आणि हे तर कोपऱ्यातल्या खोलीच्या बाहेर, आमच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर.

ह्यांना धीर धरवेना. पाचव्या दिवशी ते कोपऱ्यातल्या खोलीत गेले आणि मी मागून गेले तर काय, चौकटीला पाठ लावून ताठ उभे. हातात पेन्सिल, डोक्यावर पट्टी.

“काय करताय!”

“पडताळा घेतोय. मीही कमी झालो तर दोष चौकटीत, नाही झालो तर—”

मी त्यांच्या हातातली पेन्सिल हिसकावून घेतली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण मी त्यांच्या हातून कधी काही हिसकावलं नव्हतं. पेन्सिल मोडली. दोघंही त्या तुकड्यांकडे बघत उभे राहिलो. खोली रिकामी होती, एकही घड्याळ उरलं नव्हतं. तरी कुठेतरी खाली, भिंत आणि फरशी जुळतात तिथे, अगदी बारीक, टिक टिक टिक टिक. घड्याळाची नव्हती ती. दोरा तोडताना नखावर सुई वाजते, तशी.

“उंदीर,” हे म्हणाले.

“हो,” मी म्हटलं. “उंदीरच.”

आम्ही दोघं जवळजवळ धावतच बाहेर आलो.

६

त्या दुपारी ती जेवायला बसली तेव्हा तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. ती पाय हलवत होती. मला हसून म्हणाली, “काकू, गाळ्याचं काय करायचं? शटरला दोरी बांधावी लागणार.” मग हसता हसता तिचा चेहरा रडवेला झाला. “मला संपायचं नाही हो, काकू.”

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. मग मापाची वही घेतली. रडताना माझ्या हाताला काहीतरी काम लागतं. तिच्या मापांच्या पुढे तारखा होत्याच. मी त्यांच्यावरून बोट फिरवत गेले.

ती आल्यावरचं पहिलं माप. त्याच आठवड्यात तिनं चौकटीला पाठ लावली होती. त्यानंतर दीड महिना तिचं दुसरं माप माझ्याकडे नव्हतंच, पण पहिल्या मापानं केलेले कफ तोवर तिला बरोबर बसत होते. मी वही उलटी केली. तो दीड महिना मागच्या पानांवर होता. नाक, नळ, पायडल, मावशी, ती, ती, केरसुणी, ती. मग गणवेश आले, चित्रं थांबली, आणि पुढच्या पानांवर बाही उतरायला लागली. तिच्या रविवारच्या रेघा तेव्हाच्याच. दवाखान्यातली पट्टी, तेव्हा बूट निघाले. आमची रोजची दोन मापं, तेव्हा तर धावतच.

आम्ही तिला मोजत होतो आणि मोजू तशी ती संपत होती.

मी बाहेर आले. ह्यांना वही दाखवली. त्यांनी तारखा वाचल्या. तेही शेवटी मापांचंच माणूस, त्यांना आकडे बोलतात. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“वस्तू मोजल्यानं कमी होत नाही,” ते म्हणाले. “हे आमच्या खात्याचं पहिलं तत्त्व आहे.”

“ती वस्तू नाहीये,” मी म्हटलं.

त्यांनी पोलादी पट्टी उचलली. मला वाटलं पुन्हा माप घेणार. त्यांनी ती कपाटाच्या वर, अगदी भिंतीपर्यंत मागे सरकवून दिली, आणि माझ्या गळ्यातली टेप काढून खिशात घातली.

७

“बस समोर,” मी तिला म्हटलं. “चहा आहे. मी चित्र काढते.”

पहिलं चित्र भयंकर झालं, म्हणजे चांगलं झालं. भीतीनं माझा हात आखडला होता. एकेक रेघ तपासत, डोळ्यांमधलं अंतर बरोबर, खांदे सारखे, सगळं प्रमाणात. तिनं वाकून बघितलं.

“काकू, हे चित्र आहे की ओळखपत्र?”

मी घाबरून पान उलटलं. हे कोपऱ्यातून म्हणाले, “नाक काढ. माझं काढलं होतंस तसं.” हे ऐकून माझा विश्वास बसेना. ह्यांना ते पान माहीत होतं!

“माहीत होतं म्हणजे काय,” हे म्हणाले. “मापं लिहायची वही आहे, मी तपासत नसेन का?”

ती खुदकन हसली. आणि मी ते हसणं काढायला घेतलं. नुसतं हसणं. तोंड कुठे संपतं हे न बघता. ते पानाच्या कडेपर्यंत गेलं, मग हात काढले, भिंग लावलेला डोळा काढला, तो चहाच्या बशीएवढा झाला. ती बोलत होती. दुकानाची पाटी कोणत्या रंगाची हवी, पहिलं गिऱ्हाईक कोण असेल, उधार मागणाऱ्याला कसं वाटेला लावायचं. पेन्सिल चालत होती. तिचं कोपर पानात मावेना, तर मी ते टेबलावर काढलं. पान संपलं हे मला कळलंच नाही, सरळ टेबलावर रेघ गेली. ह्यांनी चहाचा कप बाजूला सरकवून जागा करून दिली. टेबल त्यांचं होतं, लग्नातलं.

आता खरं अवघड तर पुढेच होतं. बघायचं नाही. मी! जिनं आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात बघितलं, तिनं समोर बसलेल्या मुलीकडे, ती वाढली का, म्हणून बघायचं नाही. दाराशी उभी राहिली तर कडीशी तुलना करायची नाही. माझ्या शेजारून गेली तर कुठपर्यंत आली हे मनातसुद्धा धरायचं नाही. एकदा चुकून तिचा हात माझ्या हाताशेजारी आला आणि मनगट नजरेनं मोजलं गेलं, तर मी पटकन डोळेच मिटले. आम्ही तिघं एकमेकांकडे न मोजता बघायला शिकत होतो. जेवताना हे तिला वाढायचे तेही चमचे न मोजता.

रोज एक चित्र. कधी दोन. वही संपली तर वाण्याकडून दुसरी, तीच, चौकटीच्या कागदाची. मी चौकटींकडे लक्षच दिलं नाही.

८

तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, “काकू, आज मी माझ्या खोलीत झोपते. मला बघायचंय.”

मी नाही म्हणणार होते. ह्यांनी मान हलवली. “जाऊ दे. ती मोजणार नाहीये.”

मी सकाळी आठच्या आधीच भिंतीला कान लावून उभी. हे शेजारी उभे, तेही कान लावून. ज्या माणसानं सव्वीस वर्षं मला ह्यावरून टोमणे मारले, तो माणूस.

पलीकडे पावलं आली. दारापाशी थांबली. मी वाट बघत होते त्या सरकण्याच्या आवाजाची. सर्र सर्र. आत्ता येईल. आता.

खट्.

स्टूल सरकलंच नाही.

मी ओरडले म्हणजे काय, वरच्या मजल्यावरचे खाली आले. हे भिंतीवर हात आपटत होते. दार उघडून ती बाहेर आली आणि मी तिला मिठी मारली. तिचं डोकं माझ्या कानाशी लागलं की हनुवटीशी, मी बघितलं नाही. शपथ. डोळे मिटूनच मिठी मारली.

महिनाअखेरीला बाजारात आम्ही दोघं उभे होतो. तिनं करडा डगला घातला होता. बाही मनगटावर, कफ जागच्या जागी. खाली वाकली, हँडल धरलं, आणि एका झटक्यात शटर वर. धडाम. शेजारचा चप्पलवाला दचकून उभा राहिला. सगळ्या बाजारानं मागे वळून बघितलं.

“झालं ना, काकू?” ती ओरडली.

“झालं गं!” मी त्याहून मोठ्यानं ओरडले.

दुकानाच्या भिंतीवर आता सगळ्या घड्याळांच्या मध्ये माझं चित्र लावलंय तिनं. टेबलावर गेलेलं कोपर सोडून. टेबल ह्यांनी द्यायचं नाकारलं. पुसूही देत नाहीत.

९

खोली रिकामी झाल्यावर किल्ली माझ्याकडेच राहिली. मी जिना झाडणाऱ्या मावशीला गाठलं.

“आता सांगा. ते नुसतं काय?”

मावशींनी इकडे-तिकडे बघितलं. “लोक म्हणतात हो. तिथे आलेलं माणूस जात नाही. ते नुसतं कमी कमी होत जातं आणि संपतं.”

“गेली की आमची घड्याळवाली. स्वतःच्या पायांनी. सामानासकट. तुम्हीच जिना झाडत होतात.”

“हो ना,” मावशी म्हणाल्या. मग केरसुणीवर हनुवटी टेकवली. “मग ती गोष्ट खोटीच म्हणायची?”

मी हो म्हणणार होते. तोंडापर्यंत आलं होतं.

पण त्याच्या आदल्या दिवशी मी ती खोली पुसली होती. घोट्याशी असलेल्या रेघेखाली, भिंत आणि फरशी जुळतात त्या फटीत, फडक्याला काहीतरी अडकलं. चिंधी समजून मी ओढलं. ती बाही होती. माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. हातशिलाईची, टाके इतके बारीक की मला दिसले नाहीत, बोटाला लागले. मी घड्याळवालीच्या दुकानात जाऊन भिंगाखाली धरली. शिवणीच्या आत माया सोडली होती, म्हणजे पुढे सैल करता यावं म्हणून दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड. बाही जेवढी, तेवढीच आत माया. जिनं शिवली, तिला अजून वाढायचं होतं.

टाका ताजा होता. दोरा माझ्याकडच्या रिळाचा होता.

“अर्धी खरी, मावशी,” मी म्हटलं. “कमी होतं, हे खरं. संपतं, हे काही खरं नाही.”

१०

मी बाही होती तिथे परत ठेवली. शेजारी मागच्या कोऱ्या पानांची वही उघडी ठेवली, आणि हिसकाहिसकीत मोडलेल्या त्या पेन्सिलीच्या शिसाचा एक कण. मोठ्यानं सांगितलं, “खोडायचं नाही. पट्टी लावायची नाही. चांगलं झालं का म्हणून बघत बसायचं नाही.” रिकाम्या खोलीत कुणाला सांगतेय म्हणून स्वतःचंच हसू आलं. आणि अंगावर काटाही आला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी पानावर माझ्या पायाचा अंगठा होता. पानभर. नखावरची भेगसुद्धा. जमिनीवर उभं राहून काढलेला.

तेव्हापासून मी रोज चारला चहा घेऊन तिथे जाते, दाराकडे पाठ करून बसते आणि माझं रोजचं एक चित्र काढते. डोळ्याच्या कोपऱ्यातूनही बघत नाही. मागे कधी काही हलतं, कधी बारीक टिक टिक होते, कधी नाही. सकाळी वहीत एक नवीन पान असतं. मागच्या आठवड्यात माझा गुडघा होता, शाळेत बाई ज्याला सफरचंद म्हणाल्या असत्या तसला. परवा एप्रनचा खिसा, कात्रीची मूठ, आणि मूठ केवढी, अर्धं पान. प्रमाणात काहीच नाही. आज सकाळी माझी हनुवटी होती, थोडी खालून.

मी मोजत नाही. नुसती बघते.

चौकटीवरच्या रेघा ह्यांनी स्वतः पॉलिश पेपर घेऊन घासून टाकल्या. मी टेबलावर कापड पसरलंय, करड्या डगल्याचं, खोलीतल्या तिच्यासाठी. माप कुणाचं घेणार? अंदाजानंच बेतलंय, भरपूर मोठं, आणि माया इतकी सोडलीय की हे विचारत होते, दोन माणसांचा शिवतेस का?

“कितीही माणसांचा होऊ दे,” मी म्हटलं, आणि कात्री चालवली.